काहामार्काचे २६ तास

शुक्रवार, १५ नोव्हेंबर १५३२, दुपारचे चार. २६ तास बाकी.

पेरूच्या उत्तरेला, पावणेतीन हजार मीटर उंचीवरच्या काहामार्काच्या खोऱ्यात १६८ परकी माणसं उतरली. ६२ घोड्यांवर, १०६ पायी. म्होरक्या फ्रान्सिस्को पिझारो, पन्नाशी ओलांडलेला, अक्षरओळख नसलेला. गाव जवळजवळ रिकामं होतं, पण पलीकडच्या उतारावर तंबूच तंबू दिसत होते. तिथे इंका सम्राट अताहुआल्पा आपल्या फौजेसह मुक्कामाला होता.

पुढचा सगळा वृत्तान्त स्पॅनिश लेखण्यांतून आला आहे. पिझारोचा चिटणीस फ्रान्सिस्को दे हेरेस त्यातला एक. वेळा त्यांनी सूर्यावरून नोंदवल्या, म्हणून इथले तास अंदाजाने धरायचे. आणि ही जिंकणाऱ्यांची साक्ष आहे, हे विसरायचं नाही.

संध्याकाळ. २४ तास बाकी.

पाऊस आणि गारा पडून गेल्या होत्या. पिझारोचा कप्तान एर्नांदो दे सोतो काही घोडेस्वार घेऊन सहा किलोमीटरवरच्या गरम झऱ्यांपाशी, अताहुआल्पाच्या मुक्कामी, गेला. मागोमाग पिझारोचा भाऊ एर्नांदोही पोचला. अताहुआल्पा उपवासात होता. त्याने मान वर केली नाही. सोतोने घोडा इतका जवळ नेला की त्याच्या श्वासाने सम्राटाच्या कपाळावरची राजचिन्हाची झालर हलली. सम्राट जागचा हलला नाही. घोडा पाहून मागे सरलेल्या आपल्याच माणसांना मात्र त्याने नंतर ठार करवलं. सोन्याच्या पेल्यांतून मक्याची चिचा दिली, चौकातल्या इमारतींत उतरा म्हणाला, आणि उद्या भेटायला येतो असं सांगितलं.

डोंगरातल्या एखाद्या खिंडीत ही १६८ माणसं सहज गारद झाली असती. मग त्याने त्यांना इतकं आत का येऊ दिलं? बातमी नव्हती म्हणून नक्कीच नाही. इंकांचे रस्ते ३०,००० किलोमीटरहून लांब होते. त्यांवर ठरावीक अंतरावर चास्की, म्हणजे धावणारे निरोपे, तयार बसलेले असत. एकाने दुसऱ्याला निरोप द्यायचा आणि दुसऱ्याने तसंच सुटायचं. असा निरोप दिवसाला दोन-अडीचशे किलोमीटर जाई. परके किनाऱ्यावर उतरल्यापासूनची खबर अताहुआल्पाकडे होती. त्याचा दूत त्यांची छावणी पाहून आला होता आणि माणसं मूठभर आहेत असं सांगत होता. खबर खरीच होती. ती तोलताना त्याच्या डोळ्यांपुढे वेगळंच युद्ध होतं.

त्याचा बाप हुआयना कापाक १५२७ च्या सुमारास साथीत गेला. ती देवीची साथ असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. युरोपीय माणसाआधी त्याचा रोग तिथे पोचला होता. मग अताहुआल्पा आणि हुआस्कर या भावांत वारसाहक्काचं युद्ध पेटलं आणि हुआस्कर पकडला गेल्याची बातमी नुकतीच आली होती. भावाचा नुकताच पराभव केलेल्या राजाला हे १६८ जण धोका वाटलेच नाहीत.

मध्यरात्र. १८ तास बाकी.

समोरच्या उतारावर शेकोट्या पेटल्या होत्या. शत्रू ४०,००० आहेत, असं एर्नांदो पिझारोने शिपायांना सांगितलं. प्रत्यक्षात ऐंशी हजारांच्या वर होते, धीर यावा म्हणून तो खोटं बोलला, असं त्यांच्यातल्याच एकाने लिहून ठेवलं आहे. रात्रभर कोणी झोपलं नाही.

त्या गावातली कोठारं मात्र थोडं थांबून पाहायला हवीत. कापडाच्या गासड्या छतापर्यंत रचलेल्या स्पॅनिशांना दिसल्या. अशा कोठारांना कोल्का म्हणत. एकट्या हुआनुको पाम्पा या इंका नगरात त्यांची संख्या ४९७ आहे. मका, थंडीत गोठवून वाळवलेला बटाटा, सुकं मांस, पायताणं, शस्त्रं. वारा खेळता राहील अशा उतारावर ती बांधलेली, आणि आतल्या दाण्यादाण्याचा हिशेब किपूवर, म्हणजे गाठी मारलेल्या दोऱ्यांवर. सैन्यासाठी, सरकारी कामावरच्या माणसांसाठी, आणि पीक बुडालं तर रयतेसाठी.

माढा तालुक्यात, कुर्डुवाडीसारख्या गावात वाढलेल्या माणसाला याचं मोल समजावून सांगावं लागत नाही. आपल्याच जिल्ह्यात, मंगळवेढ्याला, पंधराव्या शतकातल्या दुष्काळात दामाजीपंतांनी बहामनी सुलतानाची कोठारं परवानगीवाचून लोकांसाठी उघडली, ही परंपरेने जपलेली कथा. त्याच शतकात अँडीजमध्ये इंका सम्राट पाचाकुती आणि त्याचे वंशज कोठारांच्या रांगा उभारत होते. इथे एका माणसाला जीव धोक्यात घालून जे करावं लागलं, ते तिथे राज्याच्या व्यवस्थेत बसवलेलं होतं. मला इंकांची सगळ्यात मोठी कामगिरी हीच वाटते, माचू पिक्चूहूनही मोठी. आणि पंढरपूरची गाडी धरायला कुर्डुवाडी जंक्शनवर उतरलेल्या वारकऱ्याच्या एकादशीच्या फराळातला बटाटा त्याच डोंगरातल्या शेतकऱ्यांनी माणसाळवलेला. शेंगदाणाही त्याच खंडातला.

शनिवार, सकाळ. १२ तास बाकी.

पिझारोने चौकाच्या तीन बाजूंच्या लांब इमारतींत घोडेस्वार आणि पायदळ लपवलं. घोड्यांना घुंगरं बांधली. पेद्रो दे कांदिया हलक्या तोफा घेऊन दबा धरून बसला. पलीकडे घाई नव्हती.

दुपार. ६ तास बाकी.

फौज हलली. पुढे चौकटीच्या कापडाचा वेष घातलेली माणसं गात गात रस्त्यावरची काडी न् काडी वेचत होती. मागोमाग पोपटाच्या पिसांनी मढवलेली, सोन्याचांदीच्या पत्र्यांची पालखी. निळ्या वेषातले ऐंशी सरदार ती वाहत होते. सहा किलोमीटरला कित्येक तास लागले.

दुपारचे चार. २ तास बाकी.

मिरवणूक गावाबाहेर थांबली आणि तंबू पडू लागले. सम्राटाचा निरोप आला : आता उद्या येतो. दबलेल्या माणसांना आणखी एक रात्र काढणं जमलं नसतं. पिझारोने एर्नांदो दे अल्दानाला पाठवून गळ घातली, जेवण थांबलंय, आजच या. अताहुआल्पाने ऐकलं. बहुतेक सैन्य त्याने बाहेरच ठेवलं आणि पाच-सहा हजार माणसं घेऊन निघाला, जवळजवळ निःशस्त्र.

सूर्य कलला. अर्धा तास.

चौकात कोणीच नव्हतं. मग व्हिसेंते दे व्हाल्व्हेर्दे हा पाद्री दुभाष्याला घेऊन पुढे आला आणि ख्रिस्ताचा धर्म व स्पेनचा राजा मान्य करा म्हणाला. अताहुआल्पाने त्याच्या हातातली पोथी मागितली. ती उघडेना, पाद्री मदतीला सरसावला, तेव्हा त्याने त्याचा हात झिडकारला. स्वतः उघडून पाहिली आणि फेकून दिली. वाटेत लुटलेलं सगळं परत केल्याशिवाय इथून हलणार नाही, असं त्याने बजावलं.

कांदियाची तोफ उडाली.

सूर्यास्त.

घोडे, पोलादी तलवारी, धूर, आणि बाहेर पडायला अरुंद वाटा. जिवाच्या आकांताने लोकांनी चौकाची एक भिंत रेटून पाडली आणि पलीकडच्या मैदानात पळाले. घोडेस्वार त्यांच्या मागे सुटले. पालखीच्या भोयांचे हात छाटले गेले, तरी त्यांनी खांद्यावरची पालखी खाली पडू दिली नाही. एक पडला की दुसरा खांदा द्यायला येई. शेवटी काही घोडेस्वारांनी पालखीच कलंडवली आणि पिझारोने सम्राटाला धरलं. त्या झटापटीत पिझारोच्याच हाताला जखम झाली. स्पॅनिशांचा एकही माणूस मेला नाही. समोरचे हेरेसच्या नोंदीप्रमाणे दोन हजार मेले. इतर आकडे त्याहून कितीतरी मोठे आहेत.

तोफांमुळे राज्य बुडालं असं सर्रास लिहिलं जातं. मला ते पटत नाही. मोठी फौज शस्त्रांसह बाहेर उभी होती आणि ती चालून आली नाही. चार हजार किलोमीटर लांबीच्या त्या राज्यात अखेरचा हुकूम एकाच तोंडून येत असे, आणि तो माणूस त्या रात्री पिझारोच्या शेजारी बसून जेवत होता. साथीने आणि भाऊबंदकीने दुसरं तोंड शिल्लक ठेवलं नव्हतं.

त्यानंतर.

अताहुआल्पाने खंडणी कबूल केली : माणसाचा हात पोचेल तिथपर्यंत एक खोली सोन्याने, आणि दोनदा चांदीने. कैदेतूनही त्याचे हुकूम चालले. हुआस्करला त्याने तिथूनच मारवलं. रस्त्यांवरून मूर्ती, भांडी, देवळांचे पत्रे येत राहिले. सहा टनांच्या आसपास सोनं आणि जवळपास बारा टन चांदी वितळवली गेली. पिढ्यान् पिढ्यांची कारागिरी लगडी होऊन गेली, याचं दुःख मला त्या सोन्याहून मोठं वाटतं. देवगिरीच्या रामदेवरायाने १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीला खंडणी दिली, तेव्हा निदान गादी राहिली. इथे खंडणी घेऊन २६ जुलै १५३३ रोजी अताहुआल्पाला गळा आवळून मारलं.

किपू वाचणारे मात्र काम करत राहिले. हाउहाच्या खोऱ्यातले सरदार १५५८ पासून लिमाच्या स्पॅनिश न्यायालयात दाद मागायला आले आणि त्यांनी गाठी वाचून हिशेब मांडला. पिझारो आल्यापासून किती मका, किती लामा, किती बटाटे, किती पायताणं दिली, सगळं वर्षानुवर्षांचं. जे दिलं ते एका बाजूला आणि जे लुटून नेलं ते वेगळं, असं मोजलेलं होतं. न्यायालयाच्या लेखनिकांनी ते कागदावर उतरवून घेतलं.