क्रिप्टोपार्टी

क्रिप्टोपार्टी : संगणक व मोबाइलवरील खासगी माहिती सुरक्षित ठेवण्याची कौशल्ये सर्वसामान्य लोक एकत्र बसून एकमेकांकडून शिकतात, असा विनामूल्य मेळावा. अशा मेळाव्यांची चळवळही याच नावाने ओळखली जाते. तिला मध्यवर्ती संघटना किंवा अध्यक्ष नाही. ज्याला वाटेल त्याने आपल्या गावात मेळावा भरवावा, अशी तिची रीत आहे.

ऑगस्ट २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेने सायबर गुन्ह्यांसंबंधीच्या कायद्यात दुरुस्ती केली. तपास यंत्रणांनी मागणी केल्यास दूरसंचार कंपन्यांनी ग्राहकांचे संदेश जपून ठेवावेत, अशी तरतूद त्यात होती. त्यावर ट्विटरवर चाललेल्या चर्चेतून मेलबर्नच्या ॲशर वुल्फ यांनी ही कल्पना पुढे आणली आणि ती काही तासांतच इतर देशांत पोचली. बर्लिनमधला पहिला मेळावा त्याच महिन्याच्या २९ तारखेला भरला. तिथल्या आयोजकांनी ऑक्टोबरच्या आरंभी तीन दिवस एकत्र बसून जाडजूड मार्गदर्शिका लिहून काढली. घाईच्या लेखनातल्या चुकांबद्दल तिच्यावर टीका झाली, आणि ती रास्त होती.

हे शिक्षण सामूहिक का असावे, याचे उत्तर कूटलेखनाच्या घडणीतच आहे. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी ही संदेश कूटबद्ध करणारी, म्हणजे परक्याला वाचता येणार नाहीत असे करणारी प्रणाली लोकांच्या हाती दिली. मात्र पाठवणाऱ्याने ती कितीही आत्मसात केली, तरी घेणाऱ्याने तयार करून इतरांना दिलेली सार्वजनिक किल्ली हाती असल्याशिवाय त्याला संदेश कूटबद्ध करता येत नाही. शिवाय ती किल्ली खरोखर त्याच माणसाची आहे, याची खात्री हवी. म्हणून १९९० च्या दशकात जाणकार मंडळी समोरासमोर भेटत, ओळखपत्रे दाखवत, किल्लीचे ठसे म्हणजे तिची ओळख पटवणारे आकडे व अक्षरे ताडून पाहत आणि एकमेकांच्या किल्ल्यांवर डिजिटल सही करत. नवख्यांना मात्र या जगात शिरकाव नव्हता. ॲल्मा व्हिटन आणि डग टायगर यांच्या १९९९ मधील प्रयोगात १२ जणांना पीजीपी वापरायला ९० मिनिटे दिली होती. त्यांपैकी एकतृतीयांश जणांनाच योग्य रीतीने सही करून कूटबद्ध संदेश पाठवता आला, तर तिघांनी गुपित उघड्या मजकुरात पाठवून टाकले. दोष माणसांचा नसून आज्ञावलीच्या मांडणीचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. आज्ञावली सुधारेपर्यंत ही उणीव शेजारी बसलेल्या माणसानेच भरून काढायची होती.

मेळाव्याला लोक आपापली यंत्रे घेऊन येतात. पासवर्ड सांभाळणे, डिस्क कूटबद्ध करणे, माग लपवणारा टॉर ब्राउझर, सुरक्षित संदेशवहन हे नेहमीचे विषय. चांगला शिकवणारा मात्र साधनाआधी विचारतो, की तुम्हाला नेमकी भीती कोणाची? पत्रकाराला सरकारी पाळतीची चिंता असेल, तर एखाद्या स्त्रीला आपला फोन उघडून पाहणाऱ्या नवऱ्याची. दोघांना सारखा उपाय चालत नाही. कंपन्यांची जाहिरातबाजी, पक्षीय प्रचार आणि छळवणूक यांना तत्त्वतः मज्जाव असतो. प्रत्यक्षात हॅकर मंडळींतील स्त्रीद्वेषी वागणुकीवर जाहीर टीका करून वुल्फ स्वतः २०१२ च्या अखेरीस या चळवळीतून बाजूला झाल्या.

११ डिसेंबर २०१२ रोजी होनोलुलूत एक छोटी क्रिप्टोपार्टी झाली. टॉर प्रकल्पाच्या रुना सँडविक यांच्यासोबत ती भरवणारा, तोवर कोणाला माहीत नसलेला तरुण एडवर्ड स्नोडेन होता. जून २०१३ मध्ये त्याने अमेरिकी पाळतीचे दस्तऐवज उघड केल्यावर अनेक देशांत अशा मेळाव्यांची मागणी वाढली.

एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरील सर्व संदेश आपोआप कूटबद्ध होऊ लागले आणि किल्ल्यांची देवाणघेवाण शिकवण्याची निकड ओसरली. साधनेही टिकाऊ नसतात. स्नोडेनने होनोलुलूत शिकवलेल्या ट्रूक्रिप्ट या डिस्क कूटबद्ध करणाऱ्या साधनाच्या निर्मात्यांनी मे २०१४ मध्ये ते अचानक सोडून दिले आणि ते वापरणे सुरक्षित नसल्याचा इशारा दिला. ते शिकलेल्यांना व्हेराक्रिप्टसारखे पर्याय नव्याने शिकावे लागले.