पाचव्या मजल्यावरचा हौद

तारापूरच्या अणुभट्ट्यांपासून शहापूर तालुक्यातलं तानसा धरण सरळ रेषेत सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे. मार्च 2011मध्ये दोन्ही ठिकाणं एकाच ठाणे जिल्ह्यात होती. तारापूर असलेला पालघर जिल्हा वेगळा झाला तो 1 ऑगस्ट 2014ला. तानसाचं पाणी 1892पासून मुंबई पिते आणि तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या 28 ऑक्टोबर 1969पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं शहापूर तालुक्यात कुणाच्या डोक्यात येत नसे. जपानमधल्या फुकुशिमा अणुकेंद्रातल्या मार्च 2011च्या अकरा दिवसांचा हिशेब म्हणूनच इथे बसून मांडायचा. वेळा जपानी आहेत, आपलं घड्याळ साडेतीन तास मागे.

नऊ वर्षं आधी

25 फेब्रुवारी 2002. न्यूयॉर्कचे मनोरे पडून साडेपाच महिने झालेले. अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने तिथल्या सगळ्या अणुवीज कंपन्यांना एक आदेश काढला. त्यातलं बी.5.बी हे कलम आपल्या गोष्टीत महत्त्वाचं. आशय असा: मोठ्या स्फोटाने किंवा आगीने केंद्राचा बराचसा भाग गेला, तरी भट्टी आणि वापरलेल्या इंधनाचा हौद थंड ठेवायची सोय हाताशी पाहिजे. फिरते पंप, लांब नळ्या, बाहेरून पाणी जोडायच्या जागा. हौदातली इंधन-नळ्यांची ताजी, गरम जुडी चार जुन्या, निवलेल्या जुड्यांच्या मधे ठेवायची, एका कोपऱ्यात सगळी आग गोळा करायची नाही.

वापरलेल्या इंधनाची सुरक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काटेरी तार, बंदूकधारी जवान आणि कॅमेरे येतात. ते हवंच. तारापूरला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल आहे, आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची तपासणीही आहे. पण हे इंधन चोरून नेणं सोपं नाही. भट्टीतून नुकत्याच निघालेल्या जुडीजवळ उघड्यावर उभं राहणारा माणूस मिनिटांत मरणाची मात्रा घेतो. नियमांतही त्याची दखल आहे: एक मीटरवर तासाला एक सिव्हर्टपेक्षा जास्त किरणोत्सर्ग असेल, तर ते द्रव्य स्वतःचा पहारा काही अंशी स्वतःच करतं असं मानतात. खरी भीती चोराची नाही. कुणीतरी हौदातलं पाणी घालवेल, ही आहे. पाणी गेलं की झिर्कोनियमच्या नळ्या तापतात, हवेत पेट घेऊ शकतात आणि आतलं सीझियम धुराबरोबर निघतं. पाणी कुणी घालवलं, अतिरेक्याने की समुद्राने, याने त्या नळ्यांना काही फरक पडत नाही.

हे कलम अमेरिकेने जपानच्या नियामकांना समजावून सांगितलं होतं. त्यांनी ते आपल्या वीज कंपन्यांना कळवलंच नाही. जपानी संसदेने नेमलेल्या स्वतंत्र चौकशी आयोगाने 2012मध्ये हे नोंदवलं.

101 दिवस आधी

30 नोव्हेंबर 2010. फुकुशिमा दाइइचीची चार नंबरची भट्टी देखभालीसाठी बंद झाली. आतलं मोठं पोलादी आवरण बदलायचं होतं, म्हणून गाभ्यातल्या सगळ्याच्या सगळ्या 548 जुड्या उचलून इमारतीच्या पाचव्या मजल्याच्या पातळीवरच्या हौदात ठेवल्या. आधीच्या धरून हौदात 1,535 जुड्या झाल्या, त्यातल्या 204 नव्या, न वापरलेल्या. हौद साधारण बारा मीटर लांब, दहा रुंद, बारा खोल. इंधनाच्या डोक्यावर सात मीटर पाणी. या जुड्यांतून मार्चपर्यंतही सव्वादोन मेगावॉटच्या आसपास उष्णता निघत होती. थंड करणारे पंप थांबले, तर हौद तापून दिवसाला ऐंशी-पंच्याऐंशी टन पाणी वाफ होऊन जाणार.

चार दिवस आधी

भट्टीच्या डोक्यावरची विहीर दुरुस्तीसाठी पाण्याने भरलेली होती. वेळापत्रकाप्रमाणे 7 मार्चपर्यंत ती रिकामी व्हायची होती. अवजारं नीट बसेनात, काम लांबलं आणि पाणी तसंच राहिलं. कुठल्यातरी साहेबाने त्या दिवशी खालच्या माणसांना झापलं असणार, असा माझा आपला अंदाज.

शून्य तास

शुक्रवार, 11 मार्च 2011, दुपारी 2:46. नऊ मॅग्निट्यूडचा भूकंप. चालू असलेल्या एक, दोन आणि तीन नंबरच्या भट्ट्या आपोआप बंद झाल्या. बाहेरची वीज गेली, डिझेल जनरेटर सुरू झाले. इथवर सगळं पुस्तकाप्रमाणे.

51 मिनिटं

दुपारी 3:37च्या सुमारास दुसरी, मोठी लाट केंद्रात शिरली. बहुतेक जनरेटर आणि वीजफलक तळघरांत होते, ते बुडाले. पहिल्या चार भट्ट्यांचे विजेवरचे पंप थांबले. चार नंबरच्या हौदाचा पंपही थांबला, पण त्या संध्याकाळी हौदाकडे बघायला कुणाला सवड नव्हती. रात्री 7:03ला अणु आणीबाणी जाहीर झाली, 9:23ला तीन किलोमीटरपर्यंतचे लोक हलवायचा हुकूम निघाला.

पंचविसावा तास

शनिवार, दुपारी 3:36. एक नंबरच्या इमारतीत हायड्रोजनचा स्फोट झाला आणि वरचं छत उडालं. संध्याकाळी हुकूम वीस किलोमीटरवर गेला.

आपल्याकडे तोवर शनिवार दुपारच्या बातम्यांत हे दिसू लागलं होतं. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या, फुकुशिमाच्या एक नंबरच्याच घराण्यातल्या, तिच्याहीपेक्षा जुन्या. तारापूरच्या वापरलेल्या इंधनाची कथा आणखी अवघड आहे. 1963च्या करारानुसार इंधन अमेरिकेने द्यायचं होतं. मे 1974मध्ये पोखरणला चाचणी झाली, 1978मध्ये अमेरिकेने कायदा कडक केला आणि पुरवठा आटला. मग फ्रान्स, चीन, रशिया यांच्याकडून इंधन आलं. जळून झालेलं अमेरिकी इंधन मात्र अमेरिकेने परत नेलं नाही आणि त्यावर पुनर्प्रक्रिया करायला संमतीही दिली नाही. ते तारापूरलाच साठत गेलं आणि त्यासाठी भट्ट्यांपासून वेगळी साठवण बांधावी लागली. त्याच आवारात 7 जानेवारी 2011ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी पुनर्प्रक्रियेच्या नव्या कारखान्याचं उद्‌घाटन केलं होतं, फुकुशिमाच्या दोन महिने आधी. दोन देशांच्या भांडणात एखाद्याच्या अंगणात सामान पडून राहावं, तसं त्या इंधनाचं झालं.

61वा तास

सोमवार, 14 मार्च, पहाटे 4:08. चार नंबरच्या हौदाचं तापमान मोजलं गेलं: 84 अंश.

68वा तास

सकाळी 11:01. तीन नंबरची इमारत उडाली, पहिल्या स्फोटापेक्षा मोठ्या आवाजाने.

87वा तास

मंगळवार, 15 मार्च, सकाळी 6:12. चार नंबरच्या इमारतीत स्फोट झाला. इथे सगळे हादरले, कारण या भट्टीत इंधनच नव्हतं. मग हायड्रोजन आला कुठून? एकच उत्तर सुचत होतं: हौद कोरडा पडला आहे आणि उघड्या नळ्या वाफेशी झगडून हायड्रोजन सोडताहेत. सुमारे 650 माणसं दुसऱ्या केंद्राकडे हलवली गेली. केंद्रप्रमुख मासाओ योशिदा यांच्याबरोबर सत्तरेक माणसं मागे राहिली. साडेनऊनंतर इमारतीत आग दिसली, ती आपोआप विझली. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा दिसली. मंगळवारीच सकाळी 10:22ला तीन नंबरजवळ तासाला 400 मिलिसिव्हर्ट नोंदले गेले. वीस ते तीस किलोमीटरमधल्या लोकांना घरात दारं-खिडक्या लावून बसायला सांगितलं.

खरं उत्तर पुढे कळलं. तीन आणि चार नंबरची धुरांड्याकडे जाणारी नळी एकच होती. तीन नंबरचा हायड्रोजन तिच्यातून उलटा चार नंबरमध्ये शिरला होता. हौद निर्दोष होता. पण त्या मंगळवारी हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि पाचव्या मजल्यावर जाऊन डोकावायची सोय उरली नव्हती. हौदातली पातळी दुरून वाचणारं, वीज गेल्यावरही चालणारं साधं मोजमाप तिथे असतं, तर पुढचे दोन दिवस जगाने वेगळे काढले असते. नियमांच्या जाडजूड वह्यांत अशा साध्या गोष्टीच राहून जातात.

पाचवा-सहावा दिवस

बुधवारी, 16 मार्चला, वीज कंपनीचा एक माणूस लष्करी हेलिकॉप्टरमधून वरून गेला आणि त्याला चार नंबरच्या हौदात पाणी चमकताना दिसलं. त्याच तारखेला, वॉशिंग्टनच्या वेळेने, अमेरिकी नियामक आयोगाचे अध्यक्ष ग्रेगरी याझ्को संसदेत सांगत होते की त्या हौदात पाणी उरलेलं नाही. अमेरिकेने आपल्या नागरिकांना केंद्रापासून पन्नास मैल, म्हणजे 80 किलोमीटर, दूर राहायचा सल्ला दिला. जपानी सरकारचा आकडा तेव्हा वीसच होता.

80 किलोमीटरचं हेच वर्तुळ तारापूरभोवती काढा. तानसा तलाव आत येतो, मोडकसागर आत येतो, शहापूर गाव काठावर राहतं, मुरबाड बाहेर. मुंबईच्या सात तलावांतले किमान दोन या एका वर्तुळात सापडतात. उन्हाळ्यात कोकणपट्टीवर दुपारी वायव्येचा वारा असतो, आणि तारापूरहून तानसा आग्नेयेला आहे.

गुरुवारी, 17 मार्चला, सकाळी 9:48ला हेलिकॉप्टरने तीन नंबरवर समुद्राचं पाणी टाकायला सुरुवात केली. चार फेऱ्यांत तीस टन, त्यातलंही बरंचसं वाऱ्याने उडालं. जगभर ती चित्रफीत दिसली. चार नंबरच्या हौदातून दिवसाला किती पाणी उडतं ते वर आलंच आहे.

अकरावा दिवस

मंगळवार, 22 मार्च, संध्याकाळी 5:17. उंच इमारतींवर काँक्रीट चढवायला आपल्याकडेही जो लांब बाहूचा पंप वापरतात, तसला एक पंप चार नंबरजवळ उभा करण्यात आला. 58 मीटरचा बाहू वर उचलून समुद्राचं पाणी थेट हौदात सोडलं. अकरा दिवसांनी हौदाला भरवशाचं पाणी मिळालं, तेही बांधकामाच्या यंत्रातून. बी.5.बीमध्ये नऊ वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं, की बाहेरून पाणी चढवायची सोय आधीच तयार ठेवा.

तोवर हौद टिकला तो रेंगाळलेल्या दुरुस्तीमुळे. विहिरीतलं पाणी काढायचं राहिलं होतं. हौदाची पातळी खाली गेल्यावर विहीर आणि हौद यांच्यामधल्या दाराच्या फटीतून तेच पाणी हौदात झिरपत राहिलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीने 2016च्या अहवालात म्हटलं आहे की ही गळती झाली नसती, तर इंधन बहुधा उघडं पडण्यापासून वाचलं नसतं. ती गळती कुणी आखलेली नव्हती.

बारावा दिवस

बुधवार, 23 मार्च. दोनशे किलोमीटरहून अधिक दूर, टोकियोच्या कानामाची जलशुद्धीकरण केंद्रात पाण्याच्या एका किलोमागे 210 बेकरेल किरणोत्सारी आयोडीन सापडल्याचं टोकियोच्या प्रशासनाने जाहीर केलं. तान्ह्या बाळांसाठी मर्यादा 100ची होती. 80 हजार बाळांसाठी प्रत्येकी तीन बाटल्या पाणी वाटलं गेलं. हे आयोडीन हौदातलं नव्हतं, ते वितळलेल्या भट्ट्यांचं होतं. पण नळाला येईपर्यंत ते कुठून आलं याला अर्थ नसतो.

तानसाचं पाणी मुंबईला उताराने जातं, पंपाची गरज नाही. भट्ट्या तारापूरला, तलाव शहापूरला आणि घरं मुंबईत, अशी ही साखळी आहे. शहापूरच्या वाड्या-पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकर फिरतो. धरण उशाला, कोरड घशाला, हे इथे जुनंच आहे. आणीबाणीत मुंबईला बाटल्या कोण वाटेल याची चर्चा तरी होईल. विहिरीवर हंडा लावणाऱ्या कातकरी बाईला कुणी कळवायचं?

चौदावा दिवस

शुक्रवार, 25 मार्च. जपानच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष शुन्सुके कोंडो यांनी पंतप्रधान नाओतो कान यांना वाईटातल्या वाईटाचा हिशेब दिला. चार नंबरचा हौद गेला आणि बाकीचेही मागोमाग गेले, तर 170 किलोमीटरपर्यंतची माणसं सक्तीने हलवावी लागतील आणि 250 किलोमीटरपर्यंत स्वेच्छेने जाऊ द्यावं लागेल. टोकियो त्यात येत होतं. हा कागद तेव्हा लोकांपासून लपवून ठेवला गेला.

तारापूरपासून 170 किलोमीटरमध्ये मुंबई, नाशिक, सुरत, अख्खा शहापूर आणि मुरबाड येतात. पुणे 250च्या आत. आपल्या नियमांत आणीबाणीच्या तयारीचं क्षेत्र तेव्हा केंद्रापासून 16 किलोमीटरपर्यंत आखलेलं होतं. जपानने आधी त्याहून कमीच आखलं होतं, आणि चाळीसेक किलोमीटरवरचं इइताते गाव रिकामं करायचा हुकूम एप्रिलमध्ये काढावा लागला.

पुढे

भारतात अणुऊर्जा महामंडळाने आणि नियामक मंडळाने 2011मध्येच सगळ्या केंद्रांची तपासणी केली. तारापूरला बाहेरून पाणी जोडायच्या जागा करण्याच्या शिफारशी झाल्या. त्या साली लागू असलेल्या 1962च्या अणुऊर्जा कायद्याच्या 18व्या कलमाने बरीचशी माहिती झाकता येत असे. सुरक्षेचे तपशील चोराला कळू नयेत हे मान्य. पण टोकियोतही बी.5.बी गोपनीय म्हणूनच कपाटात राहिलं होतं, आणि ज्यांना ते राबवायचं होतं त्यांच्यापर्यंत पोहोचलं नाही. नोव्हेंबर 2018पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा तारापूरबद्दल विचारायचे प्रश्न साधे होते: हौदात पाणी किती, वीज गेली तर किती दिवस पुरेल, आणि पातळी कोण वाचतं. या तीन आकड्यांनी कुठल्याही अतिरेक्याला काही मिळत नाही.

फुकुशिमात चार नंबरच्या हौदातून जुड्या काढायला 18 नोव्हेंबर 2013ला सुरुवात झाली आणि 22 डिसेंबर 2014ला तो रिकामा झाला. त्याच आवारात कोरड्या पोलादी पिंपांत ठेवलेल्या 408 जुड्यांवरूनही लाट गेली होती. त्या पिंपांना ना वीज लागत होती ना पंप. त्यांतलं इंधन शाबूत निघालं.