शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडायचे कागद

शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, रेशनकार्ड, आधारशी जोडलेले बँक खाते. महाविद्यालयात प्रवेश घेतलेल्या मुलाला शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी एवढे तरी हाताशी ठेवावे लागते. जून-जुलैत चंद्रपूर, चिमूर, अहेरी, गडचिरोली, कुठेही जा; सेतू केंद्राबाहेर प्लास्टिकच्या पिशवीत ही चळत सांभाळत उभी असलेली पोरे आणि त्यांचे आईबाप दिसतील. ही यादी कोणा एका अधिकाऱ्याने एका दिवसात केलेली नाही. तिच्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातली काही मोलाची पाने चंद्रपूर आणि गडचिरोली याच दोन जिल्ह्यांत लिहिली गेली.

अर्जाच्या आधी होती ती याचना. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, माधुकरी मागत. सरकारी खजिन्यातून विद्येसाठी पैसा निघे तो श्रावणातल्या दक्षिणेच्या रूपाने. पेशवाईत पुण्याला पर्वतीच्या रमण्यात ती वाटली जाई आणि ती ब्राह्मणांनाच मिळे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, पण एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही. १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली तिला याच दक्षिणेच्या रकमेचा आधार होता. पुढे त्यातूनच महाविद्यालयातल्या दक्षिणा फेलोशिपा निघाल्या. न्यायमूर्ती रानडे त्या फेलोंपैकीच. पैसा देण्याची रीत बदलली, तो पोचत होता ती घरे मात्र फारशी बदलली नाहीत.

हे दुखणे जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात उघड मांडले. स्पर्धेने शिष्यवृत्ती देणे वरवर न्यायाचे दिसते, पण ज्या वर्गांत शिक्षण पोचलेच नाही तिथे ते त्या वाटेने पसरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मुलाचे गुण पाहावेत तसे ते मूल कुठून चालत आले हेही पाहावे, हा आजच्या अर्जाचा पाया त्या निवेदनात सापडतो.

तरीही पुढची बरीच वर्षे शिष्यवृत्ती म्हणजे एखाद्या उदार माणसाची कृपाच राहिली. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात धाडले ते दरमहा साडेअकरा पौंडांवर, तीन वर्षांसाठी. बदल्यात दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. १९१७ मध्ये ते नोकरीवर रुजू झाले, पण शहरात अस्पृश्याला राहायला जागा मिळेना, आणि त्यांना बडोदे सोडावे लागले. राजा मोठ्या मनाचा असला तर एक मुलगा शिकतो. हजारोंना शिकायचे तर सरकारच्या अंदाजपत्रकात तजवीज लागते, याचा अनुभव आंबेडकरांइतका कोणाला असणार? १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी ती तजवीज मागितली आणि मिळवली. अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला ३ लाख रुपये मंजूर झाले आणि १९४४-४५ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. चार वर्षांनी ती आदिवासी विद्यार्थ्यांनाही लागू झाली. आज महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ असे लिहिलेले असते आणि मुले जिला नुसते ‘जीओआय’ म्हणतात, ती हीच.

इथून पुढे कथा चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, येते. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. त्यासाठी बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनी पुढाकार घेतला होता. तेव्हा हा जिल्हा मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबरला तो मुंबई राज्यात आला आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. पण दीक्षा घेतलेल्या घरांतल्या शिकणाऱ्या मुलांपुढे एक प्रश्न उभा राहिला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीत गणले जायला हिंदू असावे लागे. १९५६ मध्ये त्यात शीख जोडले गेले, बौद्ध नाहीत. म्हणजे ज्या माणसाने ही शिष्यवृत्ती आणली, त्याच्या मागून धम्मात गेलेल्यांच्या मुलांचा तिच्यावरचा हक्क संशयात सापडला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. केंद्राने कायदा बदलला तो थेट १९९० मध्ये. ‘नवबौद्ध’ हा शब्द दाखल्यावर आला त्यामागे हा चौतीस वर्षांचा झगडा आहे.

चव्हाणांच्याच कारकिर्दीत ‘ईबीसी’ सवलत आली. जात न विचारता, घरचे उत्पन्न कमी असेल त्या मुलाची फी माफ. तलाठ्याचा अहवाल आणि त्यावर तहसीलदाराची सही असलेला उत्पन्नाचा दाखला महाराष्ट्रातल्या घरोघरी ओळखीचा झाला तो मुख्यतः या सवलतीमुळे.

आदिवासी मुलांची अडचण निराळीच होती, आणि ती नकाशातून आली. अनुसूचित जमातींची यादी सुरुवातीला तालुक्यांना बांधलेली होती. चांदा जिल्ह्यातले फक्त गडचिरोली आणि सिरोंचा हे दोन तालुके तिच्यात होते. गडचिरोलीतला गोंड सरकारी कागदावर आदिवासी. त्याचाच सोयरा वरोरा तालुक्यात राहत असेल तर तो नाही. देव तेच, आडनाव तेच, लग्नसंबंध तेच. शिष्यवृत्ती मात्र एकाच्या मुलाला आणि दुसऱ्याच्या मुलाला नाही. १९७६ च्या कायद्याने हे क्षेत्रबंधन उठवले आणि १९७७ मध्ये तो अमलात आला. मधल्या काळात अशा किती गोंड मुलांना या मदतीवाचून शाळेतूनच परत फिरावे लागले असेल, याचा हिशेब कुठल्याही कार्यालयात नाही.

बंधन उठले तसा खोट्या दाखल्यांचाही सुळसुळाट झाला. खऱ्या आदिवासींच्या जागा भलतेच लोक घेऊ लागले. १९९४ मध्ये माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तपासणी समित्यांची पद्धत घालून दिली आणि २००१ मध्ये महाराष्ट्राचा जात पडताळणी कायदा लागू झाला. अर्जातला सर्वांत जड कागद, जात वैधता प्रमाणपत्र, त्यातून जन्मला. तो आला आदिवासींच्या हितासाठीच. पण समितीला पुरावा हवा असतो तो १९५० च्या आधीचा: आज्याचा शाळेतला दाखला, महसुली नोंद, जन्म-मृत्यूच्या रजिस्टरातली ओळ. एटापल्ली-भामरागडच्या माडिया गोंडांच्या आज्याने शाळा पाहिलीच नव्हती. हेमलकशाची लोकबिरादरी आश्रमशाळाही १९७६ मधली. जो सर्वांत खरा, त्याच्याकडेच कागद सर्वांत कमी. कागद नसेल तर रीतिरिवाज, देव-दैवते, बोली विचारून आप्तभाव तपासला जातो. ही चाचणी म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. यादीतल्या ‘गोंड’ या एका नोंदीखाली राजगोंड, माडिया, कोया अशी कितीतरी नावे येतात. गुरुजींनी बापाच्या दाखल्यावर एक लिहिलेले, काकाच्या दाखल्यावर दुसरे. ती तफावत निस्तरता निस्तरता मुलाचे पहिले वर्ष सरते.

शेवटचे पान संगणकाचे. महाडीबीटी संकेतस्थळ आले आणि पैसे सरळ विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होऊ लागले. मधली गळती रोखायला हे योग्यच होते. पण या अर्जाला आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो. भामरागड तालुक्यातल्या एखाद्या गावात रेंज टेकडीवर गेल्याशिवाय मिळत नाही, आणि मोबाइलचा नंबर वडिलांचा असतो. मुलगी गडचिरोलीच्या नेट कॅफेत बसलेली, वडील गावी. प्रवेशाचे दिवस आणि पर्लकोटा नदीच्या पुराचे दिवस एकच. पूर चढला की भामरागडचा संपर्क तुटत आला आहे. त्या दिवसांत अर्जाची मुदत मात्र सगळ्या महाराष्ट्रासारखीच चालू राहते.

असे असूनही या अर्जाने केलेले काम मोठे आहे. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले, आणि पूर्वी नागपूरशिवाय विद्यापीठ नसलेल्या या मुलखातली मुले आता घरापासून जवळ पदवी घेतात. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी मुलांसाठी ‘स्वयम्’ योजना आहे, अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी ‘स्वाधार’. ठिकाणाप्रमाणे वर्षाला ६० हजारांपर्यंत रक्कम त्यांतून मिळते. घरी धान आणि मोहफूल, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची मजुरी, एवढ्यावर चालणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम म्हणजे मुलीने शहरात राहावे की परत यावे, याचा निकाल असतो.

दक्षिणेपासून हक्कापर्यंतची वाट फुले, आंबेडकर आणि त्यांच्या मागून चाललेल्या असंख्य अनाम माणसांनी काढली. राहिले आहे ते एवढेच की हक्क सिद्ध करण्याचे ओझे अजून सतरा वर्षांच्या पोरावर आहे. ते कमी करणे आपल्या हातात आहे. आश्रमशाळेच्या आणि जिल्हा परिषदेच्या गुरुजींनी आठवी-नववीतच जातीच्या दाखल्याचे आणि वैधतेचे कागद मार्गी लावावेत. बारावीच्या निकालाची वाट पाहू नये. पात्र विद्यार्थ्याकडून शिक्षण शुल्क आधी मागू नये, हे शासनाने वेळोवेळी बजावले आहे. महाविद्यालयांनी ते पाळावे. आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांनी पावसाआधी शिबिरे थेट गावांत न्यावीत. आणि या शिष्यवृत्तीवर शिकून जे आज शिक्षक, तलाठी, परिचारिका, अभियंता झाले आहेत, त्यांनी यंदाच्या जूनमध्ये आपल्या गावातल्या एका मुलाचा अर्ज स्वतः बसून भरून द्यावा.