सातबारा, मार्कमेमो, भूकंपग्रस्त प्रमाणपत्र... कॉम्प्युटरवर फाईल सापडत नाही? 'ही' बटणं वाचवतील वेळ

किल्लारी (ता. औसा) : फॉर्म भरायची शेवटची तारीख, सेतू केंद्रावर गर्दी, लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही आणि कॉम्प्युटरवर नेमकी हवी ती फाईल सापडत नाही. हे चित्र गावोगाव दिसतं. फाईल असते, पण ती 'डाउनलोड्स'मधल्या शेकडो फायलींमध्ये 'आयएमजी', 'डॉक', 'स्कॅन ००१२' अशा नावांनी लपलेली असते. माऊस फिरवत एकेक फाईल उघडून बघण्यातच अर्धा तास जातो.

किल्लारी परिसरात कागदाची किंमत वेगळी सांगायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात दगड-मातीची माळवदाची घरं कोसळली. हजारो माणसं गेली. ट्रंकेत जपून ठेवलेली कागदपत्रंही ढिगाऱ्याखाली गेली. आज त्याच भूकंपाशी जोडलेला एक कागद इथल्या मुलांना नोकरीच्या अर्जासाठी लागतो. राज्यातील सरकारी नोकरभरतीत भूकंपग्रस्तांसाठी २ टक्के समांतर आरक्षण आहे आणि त्यासाठी भूकंपग्रस्त प्रमाणपत्र लागतं. ऐनवेळी ते सापडलं नाही तर नुकसान मोठं होतं. म्हणूनच फायली नीट ठेवायची आणि झटकन शोधायची ही सोपी पद्धत. खाली दिलेली बटणं विंडोज १० आणि ११ वर चालतात.

आधी फोल्डर, मग काम

विंडोजचं चिन्ह असलेलं बटण धरून 'ई' दाबलं की फायलींची खिडकी थेट उघडते. तिथे कंट्रोल + शिफ्ट + एन दाबलं की नवीन फोल्डर तयार. राईट क्लिक, मग 'न्यू', मग 'फोल्डर' हा फेरा वाचतो. घरातल्या प्रत्येक माणसाचा एक फोल्डर आणि शेतीचा एक वेगळा, एवढी विभागणी पुरते.

एका फोल्डरातून बाहेरच्या फोल्डरात यायचं असेल तर ऑल्ट धरून वरचा बाण. मागे जायचं असेल तर ऑल्ट आणि डावा बाण. क्रोममधून आत्ताच उतरवलेली फाईल कुठे गेली हे कळत नसेल तर क्रोममध्येच कंट्रोल + जे दाबावं. सगळी यादी समोर येते.

एफ२ : सर्वात कामाचं, सर्वात कमी वापरलं जाणारं

फाईल निवडून वरच्या ओळीतलं एफ२ दाबलं की नाव बदलता येतं. बहुतेकांना इतकं माहीत असतं. पुढच्या दोन गोष्टी मात्र फार जणांना ठाऊक नसतात.

• एका फाईलचं नाव टाकून झाल्यावर एंटर न दाबता टॅब दाबावं. पुढच्या फाईलचं नाव लगेच बदलायला उघडतं. वीस फायलींची नावं माऊसला हात न लावता होतात.

• पासबुकाची दहा पानं स्कॅन केली असतील तर सगळी एकदम निवडून एफ२ दाबावं, 'पासबुक' लिहून एंटर करावं. 'पासबुक (१)', 'पासबुक (२)' असे क्रमांक आपोआप पडतात.

काही लॅपटॉपवर एफ२ दाबलं की आवाज किंवा उजेड कमी-जास्त होतो. तिथे 'एफएन' बटण धरून एफ२ दाबावं.

'७/१२' नाव का घेत नाही?

फाईलला '७/१२' नाव द्यायला गेलं की कॉम्प्युटर ते घेत नाही आणि सूचना दाखवतो. बिघाड काही नसतो. तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, विसर्गासारखे दोन टिंब, तारा अशी काही चिन्हं विंडोज फाईलच्या नावात चालवून घेत नाही. म्हणून '७-१२' किंवा सरळ 'सातबारा' लिहावं. गट नंबर १४५/२ असेल तर '१४५-२' करावा.

तारीख लिहिताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असं लिहिलं तर फायली आपोआप तारखेप्रमाणे लागतात. '२०२५-०६-१५ सातबारा' असं नाव असलं की जुना उतारा कोणता आणि नवा कोणता हे बघता क्षणी कळतं. नाव मराठीत चालतं, पण ऑनलाईन अर्जाला जोडायच्या फाईलचं नाव इंग्रजीत, छोटं आणि मध्ये जागा न सोडता ठेवलेलं बरं. काही संकेतस्थळं मराठी नावाची फाईल स्वीकारत नाहीत.

निवडणं, हलवणं, शोधणं

• फोल्डरातलं सगळं निवडायला कंट्रोल + ए. मधल्या-मधल्या फायली हव्या असतील तर कंट्रोल धरून एकेकीवर क्लिक. सलग हव्या असतील तर पहिलीवर क्लिक करून शिफ्ट धरून शेवटचीवर क्लिक.

• फाईल ओढून नेताना कंट्रोल धरलं तर कॉपी होते, शिफ्ट धरलं तर जागा बदलते. काहीच धरलं नाही तर त्याच ड्राईव्हमध्ये फाईल हलते आणि पेनड्राईव्हवर नेली तर कॉपी होते. 'मी तर कॉपी केली होती, मूळ फाईल कुठे गेली?' हा घोळ इथेच होतो.

• नावाचं पहिलं अक्षर दाबलं की त्या अक्षराच्या फाईलवर उडी जाते. नाव अर्धवट आठवत असेल तर कंट्रोल + एफ दाबून शोधावं.

• कंट्रोल + शिफ्ट + ६ दाबलं की यादीत तारीख आणि आकार दिसतो. अर्जाला 'इतक्या केबीच्या आतला फोटो' लागतो तेव्हा हे उपयोगी. एकाच फाईलची माहिती हवी असेल तर ती निवडून ऑल्ट + एंटर.

• ऑल्ट + पी दाबलं की फोटो न उघडताच उजव्या बाजूला दिसतो. आधार कार्डाची पुढची बाजू कोणती, मागची कोणती, हे लगेच कळतं.

• अर्जावर फाईल जोडताना पुन्हा सगळे फोल्डर उघडत बसायची गरज नाही. फाईल निवडून विंडोज ११ वर कंट्रोल + शिफ्ट + सी दाबावं. विंडोज १० वर शिफ्ट धरून राईट क्लिक करून 'कॉपी अ‍ॅज पाथ' घ्यावं. फाईल मागणारी खिडकी उघडली की नावाच्या जागी कंट्रोल + व्ही. फाईल जोडली जाते.

ही कट-कॉपी-पेस्टची सोय आली कुठून? गावोगाव ज्या कंपनीच्या नावाने 'झेरॉक्स' काढली जाते, तिच्याच अमेरिकेतल्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी ती तयार केली. टेस्लर यांचं २०२० मध्ये निधन झालं.

चूक झाली तर घाबरू नका

भलतीच फाईल डिलीट झाली, चुकीचं नाव पडलं किंवा दुसऱ्याच फोल्डरात गेली, तर लगेच कंट्रोल + झेड दाबावं. केलेलं काम उलटतं. मात्र दोन ठिकाणी हा उपाय चालत नाही. शिफ्ट + डिलीट केलेली फाईल रिसायकल बिनमध्ये जात नाही. पेनड्राईव्हवरून डिलीट केलेली फाईलही तिथे सापडत नाही.

पेनड्राईव्हवर महत्त्वाचे कागद नेताना 'कट' करू नये. कॉपी करावी, उघडून बघावी, मगच मूळ फाईल काढावी. मध्येच लाईट गेली तर अर्ध्या फायली इकडे, अर्ध्या तिकडे राहतात.

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर काम केलं असेल तर

सेतू केंद्र किंवा नेट कॅफेवर काम झाल्यावर आपलं आधार, पासबुक, सही तिथेच राहते. निघण्याआधी या फायली निवडून शिफ्ट + डिलीट करायला सांगावं. विंडोज + व्ही दाबल्यावर आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी दिसते. ही सोय सुरू असेल तर त्यात आधार नंबर किंवा पासवर्डही राहू शकतो, तेव्हा ती यादी 'क्लिअर ऑल'ने पुसावी. केंद्र चालवणाऱ्यांनी जागेवरून उठताना विंडोज + एल दाबावं. पडदा बंद होतो, गिऱ्हाईकांचे कागद उघडे राहत नाहीत.

फोनवरही तीच शिस्त

घरी कॉम्प्युटर नसला तरी फोनच्या 'फाइल्स' अ‍ॅपमध्ये फाईलवर बोट दाबून धरून 'रिनेम' करता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर कागद पाठवताना साधा फोटो म्हणून पाठवला तर तो दबतो आणि अक्षरं पुसट होतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो.

शेवटचं आणि महत्त्वाचं : एकच प्रत ठेवू नये. एक प्रत फोनमध्ये, एक पेनड्राईव्हवर आणि एक घराबाहेर, म्हणजे आपल्या ईमेलवर किंवा शहरात राहणाऱ्या लेकी-मुलाकडे असावी. जे कागद डिजिलॉकरमध्ये मिळतात ते तिथेही घ्यावेत. १९९३ मध्ये घर पडलं आणि घरासोबत कागदही गेले. आता घराला काही झालं तरी कागद वाचवता येतात, फक्त ते आधीच दुसरीकडे ठेवलेले असले पाहिजेत.