दगडांतील पानांचें नामकरण

बोरगाव मेघे हें वर्धा शहरालगतचें गांव. त्या बाजूची काळी जमीन ज्या लाव्हारसाच्या खडकापासून बनली, तो सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींचा. परंतु वर्धा नदीच्या खोऱ्यानें वरोरा-चांद्याकडे गेलें म्हणजे हें आवरण सरतें व त्याहून कितीतरी जुने कोळशाचे थर लागतात. हा कोळसा ज्या अरण्यांचा झाला, त्यांतील झाडें कोणतीं? या प्रश्नाचा एक धागा नागपुरास सांपडतो.

१८४५ सालीं स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी नागपुरास आला. शाळेचें व धर्मप्रसाराचें काम संभाळून तो आपला सहकारी रॉबर्ट हंटर याच्यासह खडक धुंडाळीत असे. कामठी, सिलेवाडा या भागांतील वालुकाश्मावर उमटलेलीं पानें त्यानें विलायतेस पाठविलीं. १८६१ सालीं बनबरी या वनस्पतिशास्त्रज्ञानें त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत कांहीं पानें लांबट, पट्ट्यासारखीं होतीं. मधली शीर नाहीं, सर्व शिरा जवळजवळ समांतर. युरोपांतील ‘नेगेराथिया’ या वनस्पतीशीं त्यांचें साम्य पाहून बनबरीनें त्यांस ‘नेगेराथिया हिस्लॉपी’ असें नांव दिलें.

येथेंच घोटाळा झाला. परक्या मुलखाचें नांव दिलें कीं नातेंहि परक्या मुलखाशीं जोडलें जातें. कलकत्त्याच्या भूगर्भ खात्यांतील ओटोकार फाइस्टमांटेल यानें हीं पानें पुन्हा पारखलीं. युरोपीय वनस्पतींत पर्णिका दांड्याच्या दोन बाजूंस ओळीनें असतात. हिंदी पानें तशीं नव्हतीं. म्हणून १८७९ सालीं त्यानें ‘नेगेराथिऑप्सिस’, म्हणजे ‘नेगेराथियासारखी दिसणारी’, असा निराळा गण केला. पुढें कांहीं पंडितांनीं तीं पानें ‘कॉर्डाइटीस’ गणांत घातलीं. तो वादहि बरीच वर्षें चालला.

याच थरांतील जिभेच्या आकाराच्या ‘ग्लॉसोप्टेरिस’ पानांची कथा याहून मोठी आहे. १८२८ सालीं ब्राँग्निआर यानें शिरांचें जाळें पाहून त्यांस नेच्यांत गणलें. परंतु १९५२ सालीं एडना प्लमस्टेड या विदुषीनें दक्षिण आफ्रिकेंतील पानांस लागलेलीं फलांगें दाखविलीं, आणि ही वनस्पति नेचा नसून बीजधारी होती, या मतास बळकटी आली. नेच्याची बीजुकें वाऱ्यानें दूर जातात. जड बियांस महासागर ओलांडणें कठीण. मग हींच पानें हिंदुस्थान, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया येथें, व स्कॉटच्या तुकडीनें १९१२ सालीं मरणाच्या वाटेवरहि न टाकलेल्या दक्षिण ध्रुवाकडील दगडांत, कशीं आलीं? हे भूखंड एके काळीं जोडलेले होते, हेंच त्याचें उत्तर. त्या महाखंडास गोंडांच्या मुलखावरून ‘गोंडवन’ हें नांव पडलें.

१८६३ सालीं टाकळघाटहून परततांना पुराच्या पाण्यांत बुडून हिस्लॉपचा अंत झाला. शास्त्राच्या नियमानें गण बदलला तरी जातीचें नांव टिकतें. म्हणून त्या पानाचें घराणें वेळोवेळीं बदललें, पण ‘हिस्लॉपी’ हें नांव मात्र तसेंच राहिलें.