सहा-शून्यचे दोन अर्थ

इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेची चषक स्पर्धा, म्हणजे एफए कप, १८७१-७२ च्या हंगामात सुरू झाली. तिच्या अंतिम सामन्यांत सर्वांत एकतर्फी सामना कोणता, या प्रश्नाला ११६ वर्षे एकच उत्तर होते. १८ एप्रिल १९०३ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर बेरी या संघाने डर्बी काउंटीचा ६-० असा धुव्वा उडवला होता. मग १८ मे २०१९ रोजी वेम्बलीवर मँचेस्टर सिटीने वॉटफर्डला तितक्याच गोलांनी हरवले आणि विक्रमांच्या यादीत पहिल्या जागेवर दोन सामने येऊन बसले.

यादीत ते जुळे भाऊ वाटतात. आकडेवारीच्या पुस्तकांची मला जुनी आवड आहे, आणि ही पुस्तके वाचणाऱ्याला एक खोड लागते: निकाल पाहिला की त्या वर्षीचा गुणतक्ता उघडून पाहायचा. या दोन निकालांच्या बाबतीत तसे केले की जुळेपण पार विरून जाते.

२०१९ चा तक्ता अपेक्षेप्रमाणेच आहे. मँचेस्टर सिटी ९८ गुणांसह पहिली, वॉटफर्ड ५० गुणांसह अकरावे. पण १९०२-०३ च्या पहिल्या विभागाच्या तक्त्यात बेरी आठवे आहे आणि डर्बी त्याच्या लगेच खाली, नववे. दोघांचेही ३५ गुण. एवढेच नव्हे, तर ३४ सामन्यांपैकी दोघांनीही १६ जिंकले, ३ बरोबरीत सोडवले आणि १५ हरले. गोलांची सरासरी किंचित बरी म्हणून बेरी वर. आठ महिने आणि ३४ सामने खेळून ज्या दोन संघांत नखाएवढा फरक दिसला नाही, त्यांच्यात चषकाच्या इतिहासातला सर्वांत एकतर्फी अंतिम सामना झाला. तो कसा, हे शोधायचे तर त्या दुपारचे शंभरावर वर्षांपूर्वीचे मैदान आणि त्याचे नियम डोळ्यांसमोर आणावे लागतात.

बेरी हे मँचेस्टरच्या उत्तरेला, अर्वेल नदीकाठी वसलेले कापडगिरण्यांचे गाव. हातमागाचा वेग वाढवणारा धावता धोटा १७३३ मध्ये ज्याने शोधला तो जॉन के याच परिसरातला. मुंबईच्या गिरण्यांशी लँकशायरचे नाते स्पर्धकाचे होते. १८९६ मध्ये हिंदुस्थानी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला तो लँकशायरच्या दबावामुळेच, हे आपल्याकडच्या वाचकाला ठाऊक असते. पण त्याच लँकशायरच्या कामगाराने जगाला दुसरीही एक गोष्ट दिली, ती म्हणजे शनिवारची दुपार. १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया आणि मुलांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबवले, आणि त्यांच्यावाचून गिरणी चालत नसल्याने पुरुषांचीही सुटी झाली. त्या मोकळ्या दुपारीत फुटबॉल वाढला. बेरीचा क्लब १८८५ चा, लीगमध्ये तो आला १८९४ साली. १९०० मध्ये त्याने साउदॅम्प्टनला ४-० ने हरवून चषक पहिल्यांदा आणला होता. क्लबचे टोपणनाव ‘शेकर्स’, म्हणजे हादरवणारे. १८९२ मध्ये लँकशायर चषकाच्या अंतिम सामन्याआधी, समोर बलाढ्य ब्लॅकबर्न असताना, आपण त्यांना हादरवून सोडू असे क्लबच्या अध्यक्षांनी म्हटले, गडी जिंकले आणि नाव चिकटले ते कायमचे.

१९०३ चा संघ खरोखर चिवट होता. वुल्व्हरहॅम्प्टन, शेफील्ड युनायटेड आणि नॉट्स काउंटी यांना त्याने प्रत्येकी १-० ने हरवले, उपांत्य सामन्यात अॅस्टन व्हिलाला ३-० ने. अंतिम सामन्यापर्यंत एकही गोल स्वीकारलेला नव्हता. हे आकडे नीट पाहा. गोलांचा पाऊस पाडणारा हा संघ नव्हे. एक गोल करून दार लावून घेणारा हा संघ आहे.

डर्बीची अवस्था वेगळी होती. त्यांचा स्टीव्ह ब्लूमर हा त्या काळातला इंग्लंडचा सर्वांत धोकादायक आघाडीपटू. इंग्लंडसाठी २३ सामन्यांत २८ गोल, ही कामगिरी आजही अवाक करते. दुखापतीमुळे तो या सामन्यात नव्हता. आणि गोलरक्षक जॅक फ्रायर मैदानात उतरला तोच अधू शरीराने. त्याची दुखापत पुरती बरी झालेली नव्हती. तरी त्याला खेळवण्याचा निर्णय झाला. माझ्या मते सामना तिथेच ठरला. पण त्या निर्णयाला मूर्खपणा म्हणण्याची घाई करू नये, कारण अंतिम सामन्याची जागा कोणी सहज सोडत नाही, खेळाडूही नाही आणि संघही नाही.

फ्रायरपुढे काय वाढून ठेवले होते? तेव्हा हातात चेंडू असलेल्या गोलरक्षकाला खांद्याने धडक देणे नियमाला धरून होते, आणि आघाडीपटू ते मनापासून करत. पेनल्टी क्षेत्राची आजची चौकट आदल्याच वर्षी, १९०२ मध्ये आली होती, पण गोलरक्षकाला स्वतःच्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हाताळता येई, त्यामुळे पुढे धावत जाणे हा त्याच्या कामाचा भाग होता. म्हणजे अधू गोलरक्षकाला लपायला जागा नव्हती. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, बदली खेळाडू ही कल्पनाच नव्हती. कोणी जायबंदी झाला की उरलेल्यांनी खेळायचे.

६३,१०२ प्रेक्षकांसमोर सामना सुरू झाला. विसाव्या मिनिटाला बेरीचा कर्णधार जॉर्ज रॉस याने पहिला गोल केला. मध्यंतराला १-०. इथवर सामना बेरीच्या नेहमीच्या वळणाचा आहे आणि तुल्यबळ संघांचाही आहे. उत्तरार्ध सुरू होऊन दोन-तीन मिनिटे झाली तोच बेरीचा चार्ली सेगर चेंडू घेऊन गोलाकडे झेपावला आणि फ्रायर त्याला अडवायला पुढे आला. दोघांची टक्कर झाली. चेंडू जाळ्यात गेला, फ्रायरची जुनी दुखापत उसळली आणि त्याला बाहेर नेले. त्याच्या जागी चार्ली मॉरिस हा बचावपटू गोलात उभा राहिला. (गोलरक्षकाने वेगळ्या रंगाचा सदरा घालायचा हा नियम १९०९ चा, त्यामुळे कपडे बदलण्याचाही प्रश्न नव्हता.) फ्रायर पुढे लंगडत परत आला, आणि शेवटी पुन्हा बाहेर गेला. या धांदलीत जो लीमिंग, विली वुड आणि जॅक प्लांट यांनी जेमतेम चार मिनिटांत तीन गोल केले. दुसऱ्या गोलापासून पाचव्यापर्यंत गेलेला वेळ सुमारे बारा मिनिटांचा. पंचाहत्तराव्या मिनिटाच्या आसपास लीमिंगने आपला दुसरा आणि संघाचा सहावा गोल केला.

१८९० मध्ये ब्लॅकबर्नने शेफील्ड वेन्सडेला ६-१ ने हरवले होते, तो विक्रम एका गोलाने मागे पडला. संपूर्ण स्पर्धेत एकही गोल न स्वीकारता चषक जिंकण्याचा पराक्रम १८८९ मध्ये प्रेस्टनने केला होता, त्याच्या शेजारी आता बेरी जाऊन बसले.

म्हणजे ज्याला आपण एकतर्फी सामना म्हणतो त्याचा एकतर्फी भाग बारा मिनिटांचा आहे, आणि तो एका माणसाच्या शरीरातून निघालेला आहे. बेरी चांगले खेळले यात शंका नाही. माझा अंदाज आहे की फ्रायर धडधाकट असता तरी बेरी जिंकलेच असते, बहुधा २-० ने, आणि आज कोणाला त्या सामन्याची आठवण राहिली नसती. बदली खेळाडूची सोय चषक स्पर्धेत यायला १९६६-६७ चा हंगाम उजाडावा लागला. मधल्या काळात कितीतरी अंतिम सामने अशा जखमांनी वाकवले. १९५६ मध्ये मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमन मानेचे हाड मोडलेले असताना शेवटची पंधरा-सतरा मिनिटे खेळला आणि त्याचा संघ जिंकला, म्हणून तो वीर ठरला. फ्रायरही मोडलेल्या शरीराने मैदानात परतला होता. त्याचा संघ हरला, म्हणून तो विक्रमाच्या ओळीतला हरलेला पक्ष ठरला. १८९८, १८९९ आणि १९०३ अशा डर्बीच्या तिन्ही हरलेल्या अंतिम सामन्यांत गोलरक्षक तोच होता.

डर्बीच्या लोकांनी या पराभवांचे कारण स्वतःपुरते शोधले होते. क्लब १८९५ मध्ये बेसबॉल ग्राउंड या मैदानावर राहायला गेला, तेव्हा तिथल्या जिप्सींना हुसकावले गेले आणि त्यांनी शाप दिला, अशी आख्यायिका आहे. १९४६ च्या अंतिम सामन्याआधी जिप्सींकडून उःशाप घेतल्याचीही गोष्ट सांगतात. त्या सामन्यात डर्बीने चार्ल्टनला जादा वेळेत ४-१ ने हरवले हे मात्र नक्की. शापाची कथा मला आवडते ती एका कारणासाठी: तिच्यात सगळा दोष एका गोलरक्षकावर टाकलेला नाही.

आता तुल्यबळपणाकडे वळू. १९०३ मध्ये गिरणीगावाचा क्लब आणि मोठ्या शहराचा क्लब यांच्यात आजच्याइतके अंतर का नव्हते, यामागे एक नियम आहे. १९०१ पासून खेळाडूला आठवड्याला चार पौंडांहून अधिक पगार देण्यास मनाई होती. खेळाडूंवर हा अन्यायच होता आणि १९६१ मध्ये त्यांनी ही मर्यादा मोडून काढली ते योग्यच झाले. पण तिच्यामुळे श्रीमंत क्लबला हवे तेवढे पैसे ओतून गडी जमवता येत नसत, निदान उघडपणे तरी. छुपेपणाने मात्र ते चाले. १९०६ मध्ये या मर्यादेबाहेर पैसे वाटल्याबद्दल एका क्लबच्या सतरा खेळाडूंवर बंदी आली. तो क्लब मँचेस्टर सिटी. यजमान क्लबने तिकिटांच्या उत्पन्नातला वाटा पाहुण्यांना देण्याची लीगमधली जुनी पद्धत १९८३ मध्ये संपली, १९९२ मध्ये प्रीमियर लीग वेगळी झाली आणि दूरचित्रवाणीचा पैसा वरच्या थरातच मुरू लागला. २००८ मध्ये सिटीची मालकी अबू धाबीकडे गेली.

त्यामुळे २०१९ च्या सामन्याबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे. मध्यंतराला २-० होते. पंचावन्नाव्या मिनिटाला सिटीने बदली खेळाडू उतरवला, तो केव्हिन डी ब्रॉयना, जगातल्या उत्तम मध्यपटूंपैकी एक. सहा मिनिटांत त्याने तिसरा गोल केला. १९०३ मध्ये डर्बीकडे अकरावा माणूस उरला नव्हता, २०१९ मध्ये सिटीचा बारावा माणूस असा होता. गॅब्रिएल जेझुस आणि रहीम स्टर्लिंग यांचे प्रत्येकी दोन गोल झाले. वॉटफर्डच्या कोणाला जखम झाली नाही, कोणी मोठी घोडचूकही केली नाही. तक्त्यातले अंतर गोलफलकावर उतरले, एवढेच. अर्थात ते दरवेळी उतरतेच असे नाही. २०१३ च्या अंतिम सामन्यात याच सिटीला विगनने १-० ने हरवले, आणि तीनच दिवसांनी विगन प्रीमियर लीगमधून खाली घसरले. चषकाची लज्जत अशा निकालांत आहे. पण ते विरळ होत चालले आहेत.

बेरीचे पुढे काय झाले? विक्रमाची बरोबरी झाली त्या हंगामात क्लब चौथ्या विभागातून तिसऱ्यात चढला होता, तेही खेळाडूंचे पगार थकलेले असताना. आधीच्या डिसेंबरात क्लबची मालकी एका पौंडाला बदलली होती. कर्ज वाढले, देणी भागवण्याची हमी देता येईना, हंगामाचे सामने एकामागून एक पुढे ढकलले गेले. एका माजी संचालिकेने मैदानाबाहेरच्या पाइपला स्वतःला जखडून घेतले. खरेदीदार मिळेल या आशेने शेवटच्या दिवशी शेकडो लोक झाडू-फडकी घेऊन गिग लेनचे मैदान साफ करायला आले. त्याच रात्री, २७ ऑगस्ट २०१९ रोजी, व्यवहार फिसकटला आणि १२५ वर्षांनंतर बेरीला लीगमधून काढून टाकण्यात आले. वेम्बलीवरच्या त्या दुपारपासून मोजले तर १०१ दिवस झाले होते. नंतर पाठीराख्यांनी मैदान परत मिळवले आणि २०२३ मध्ये बेरी पुन्हा खेळू लागले, इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या थरात.

एक धागा राहिला, तो चषकाचा. १९०३ मध्ये रॉसच्या हाती आलेला चषक आजचा नव्हे. १८९५ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका दुकानातून मूळ चषक चोरीला गेला, त्यानंतर घडवलेली ती दुसरी प्रत होती आणि १९१० पर्यंत ती वापरात होती. बेरीनंतर वर्षभरात, १९०४ मध्ये, तोच चषक मँचेस्टर सिटीने बोल्टनला १-० ने हरवून जिंकला. २०२० च्या सप्टेंबरात त्याचा लिलाव झाला आणि तो ७,६०,००० पौंडांना विकला गेला. घेणाऱ्याचे नाव पुढच्या जानेवारीत जाहीर झाले: शेख मन्सूर, मँचेस्टर सिटीचे मालक. त्यांनी तो मँचेस्टरच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाकडे ठेवायला दिला. गिग लेनपासून ते अंतर पंधरा किलोमीटरही भरत नाही.