घाशीरामची बर्लिनमधली प्रत

‘घाशीराम कोतवाल’ म्हटले की आपल्याला तेंडुलकरांचे नाटक आठवते. त्याच नावाचा मराठी चित्रपट १९७६ साली निघाला होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

मूळ माणूस इतिहासातला. घाशीराम सावळदास हा नाना फडणीसांच्या काळातला पुण्याचा कोतवाल. ऑगस्ट १७९१ मध्ये त्याने कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, शहर खवळले आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. पुढे जुलमी कारभाराला ‘घाशीरामी’ म्हणू लागले. १८६३ मध्ये मोरोबा कान्होबांनी त्याच्यावर पुस्तक लिहिले. नाटक आले १६ डिसेंबर १९७२ रोजी. त्यात घाशीराम मुलगी नानांना देऊन कोतवाली मिळवतो. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, असे त्यांनी स्वतःच बजावले होते. जब्बार पटेलांनी ते खेळे, दशावतार यांच्या बाजाने बसवले. तरीही वाद पेटलाच.

चित्रपट काढला ‘युक्त’ या तरुणांच्या सहकारी संस्थेने. दिग्दर्शनात मणि कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप, पटकथा तेंडुलकरांची. नाना झाले मोहन आगाशे, तर घाशीराम झाले ओम पुरी. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या चित्रपटांपैकी हा एक. दिवस आणीबाणीचे होते. सत्ता आपल्याच हाताने कोतवाल घडवते आणि गरज संपताच त्याला जमावापुढे टाकते, ही गोष्ट तेव्हा कुणाला जुनी वाटली असेल?

पुढे हा चित्रपट पाहायला मिळणेच दुर्मिळ झाले. प्रत जपून राहिली ती बर्लिनच्या ‘आर्सेनाल’ या संस्थेत. तिथेच तिचे डिजिटल रूप तयार होऊन २०१४ मध्ये तो पुन्हा पडद्यावर आला. पुण्याची गोष्ट जर्मनीने सांभाळली!

आम्हा संगणकवाल्यांचा एक साधा नियम आहे: दुसरी प्रत पहिलीपासून लांब ठेवावी. बर्लिनमध्ये नेमके तेच घडले. वाचकहो, अमिरातीत आपण केलेल्या नाटकांच्या, गणेशोत्सवांच्या व्हिडिओ कॅसेटी आज कुठे आहेत? चुंबकीय फितीला उष्णता आणि दमटपणा दोन्ही बाधतात, आणि इथे दोन्हींची कमतरता नाही. कुटुंबे परततात, घरे रिकामी होतात, कॅसेटी कचऱ्यात जातात. आपल्यासाठी कुठले बर्लिन धावून येणार नाही. तेव्हा पुढच्या सुट्टीआधी कपाट उघडावे, फिती डिजिटल करून घ्याव्यात; एक प्रत इथे ठेवावी, एक गावी.